कॅनडात ४९.६ अंश: एवढी उष्णता आली कुठून?

२९ जून २०२१ रोजी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लिटन गावात पारा ४९.६ अंश सेल्सिअसवर पोचला. लिटन ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्तापासून मुंबई जितकी दूर, त्याच्या अडीचपटींहून जास्त दूर. आपल्याकडे चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात ४५-४६ अंश झाले की पहिल्या पानावर बातमी येते, आणि इथे जेमतेम अडीचशे वस्तीच्या डोंगरी गावात त्याहून तीन-चार अंश जास्त.

त्याआधी कॅनडाचा विक्रम ४५ अंशांचा होता आणि तो ८४ वर्षं टिकला होता. लिटनमध्ये २७ जूनला ४६.६ अंश झाले आणि तो मोडला. २८ला ४७.९, आणि २९ला ४९.६. सलग तीन दिवस तीन नवे विक्रम. ३० जूनला संध्याकाळी गावाला वणव्याने घेरलं, गावाचा सुमारे ९० टक्के भाग जळाला आणि दोन माणसं दगावली. सीमेपलीकडे अमेरिकेत पोर्टलंड शहरात ४६.७, सिॲटलमध्ये ४२.२ अंश. सिॲटल म्हणजे वर्षभर पावसाची रिपरिप आणि अंगात जॅकेट, अशीच तिथल्या मराठी मंडळींकडून आपण ऐकलेली ख्याती.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात युरोप-अमेरिकेच्या बातम्यांत ‘हीट डोम’, म्हणजे उष्णतेचा घुमट, हा शब्द ऐकू येतो. तो ऐकल्यावर बहुतेकांच्या मनात दोन उत्तरं तयार असतात. एक, दक्षिणेच्या वाळवंटातली गरम हवा वर सरकली असेल. दोन, ग्लोबल वॉर्मिंग. पहिलं उत्तर बरंचसं चुकीचं आहे. दुसरं बरोबर आहे, पण एवढ्यावर थांबलं तर त्यातून काहीच समजत नाही. लिटनची उष्णता मुख्यतः कुठल्या वाळवंटातून वाहून आली नव्हती. ती वरून खाली उतरणाऱ्या हवेतून तयार झाली, आणि वरचा वारा अडकून पडल्यामुळे तयारच होत राहिली. हे कसं घडतं ते पाहण्यासाठी आधी बरंच वर जावं लागेल.

दहा किलोमीटर उंचीवरचा वारा

जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, जिथून लांब पल्ल्याची विमानं जातात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा एक पट्टा पृथ्वीला वळसा घालून असतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. अमेरिकेहून युरोपला येताना विमान लवकर पोचतं आणि जाताना वेळ जास्त लागतो, तो याच वाऱ्यामुळे. १९२०च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हा वारा मोजला होता. जगभरातल्या लोकांना वाचता यावं म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्परांतो या नव्या, रचलेल्या भाषेत छापला आणि त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना समोरून हा वारा लागला, तेव्हा जगाने त्याची दखल घेतली.

उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा जिथे एकमेकींना भिडतात, तिथे हा पट्टा तयार होतो. दोन्हींच्या तापमानात फरक जितका मोठा, तितका वारा जोरकस. उन्हाळ्यात उत्तरेकडचा प्रदेशही तापतो, फरक कमी होतो आणि जेट मंदावतो. जून-जुलैत तो हिवाळ्याच्या मानाने ढिला पडलेला असतो, हे लक्षात ठेवा.

हा वारा सरळ रेषेत वाहत नाही. वाहता वाहता तो कधी उत्तरेकडे बाक घेतो, कधी दक्षिणेकडे. कार्ल-गुस्ताफ रॉसबी या स्वीडिश-अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने १९३९मध्ये या लाटांचं गणित मांडलं, म्हणून त्यांना रॉसबी लाटा म्हणतात. एकेक लाट हजारो किलोमीटर लांब असते. उत्तरेच्या बाकाखाली हवा उबदार आणि आकाश निरभ्र, दक्षिणेच्या बाकाजवळ गारवा, ढग आणि पाऊस. एरवी या लाटा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत राहतात. म्हणूनच पॅरिस असो की सिॲटल, तिथलं हवामान तीन-चार दिवसांनी पालटतं. दोन दिवस ऊन पडलं की तिसऱ्या दिवशी पाऊस, असा तिथला नेम.

लाट अडते तेव्हा

कधी कधी उत्तरेचा बाक इतका मोठा होतो की वारा त्याला पुढे ढकलू शकत नाही. बाकाच्या दोन्ही अंगांना गार, कमी दाबाचे दोन भोवरे तयार होतात आणि मधला उबदार, जास्त दाबाचा भाग त्यांच्यामध्ये जखडला जातो. नकाशावर जेटची वाट तेव्हा Ω या ग्रीक अक्षरासारखी दिसते, म्हणून या रचनेचं नाव ओमेगा ब्लॉक. तो आठवडाभर टिकू शकतो, कधी महिनाभरही. त्याच्या खाली जो प्रदेश सापडतो त्याच्यासाठी हवामान थांबतं. पाऊस येत नाही, वारा बदलत नाही, कालच्या उन्हावर आजचं ऊन साचत जातं.

जून २०२१च्या शेवटच्या आठवड्यात असा ब्लॉक ब्रिटिश कोलंबिया आणि वॉशिंग्टन राज्यावर बसला. पण तो तिथे तयार कसा झाला? मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो, म्हणून इथे जरा थांबू.

त्याची सुरुवात झाली प्रशांत महासागरावर. आधीच्या दिवसांत तिथे जेटमध्ये लाटांची एक मालिका उठली होती आणि ती पूर्वेकडे सरकत होती. त्याच सुमारास अलास्काच्या दक्षिणेकडच्या समुद्रावर कमी दाबाचं वादळी क्षेत्र होतं. त्याच्या पुढच्या अंगाने दमट, उबदार हवा उत्तरेकडे आणि वर चढत होती. हवा वर चढली की थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं आणि पाऊस पडतो. एवढं आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यातला एक भाग मात्र सहसा विसरला जातो. समुद्रातून पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्ची पडली होती, ती वाफेचं पुन्हा पाणी होताना हवेला परत मिळते. हिला सुप्त उष्णता म्हणतात. एक किलो हवेतल्या फक्त एक ग्रॅम बाष्पाचं पाणी झालं, तर तेवढ्याने ती हवा अडीच अंशांनी तापते. त्या वादळात असे अनेक ग्रॅम बाष्प रिकामं होत होतं.

समुद्रावर कित्येक किलोमीटर उंचीवर अशी तापलेली, फुगलेली हवा जेटच्या बाकात घुसली आणि तिने तो बाक आणखी वर रेटला. लिटनमध्ये ज्या उष्णतेने झाडं वाळून कोळसा झाली, तिचा एक मोठा वाटा हजारो किलोमीटर दूर समुद्रावर पडलेल्या पावसाचा होता. हवामानशास्त्रज्ञांनी नंतर त्या हवेचा माग उलटा काढत नेला तेव्हा हा हिशेब पुढे आला.

बाकाखाली हवेचा थर किती फुगला होता ते मोजता येतं. जमिनीवरचा हवेचा दाब सुमारे एक हजार हेक्टोपास्कल असतो. वर जाताना तो ज्या उंचीवर निम्मा, म्हणजे ५०० होतो, ती उंची त्या भागात एरवी पाच किलोमीटर सातशे मीटरच्या आसपास असते. त्या आठवड्यात ती जवळपास सहा किलोमीटरवर गेली होती. खालची हवा उबदार होऊन प्रसरण पावली, म्हणून निम्म्या दाबाची पातळी एवढी वर गेली. बातम्यांतला ‘घुमट’ म्हणजे हाच फुगवटा. भक्कम झाकण असं तिथे काही नसतं.

उतरणारी हवा तापते

जास्त दाबाच्या अशा क्षेत्रात हवा वरून खाली येत राहते. अगदी सावकाश, तासाला शंभर मीटरही नाही अशा गतीने. जसजशी ती खाली येते, तसतसा तिच्यावरचा दाब वाढतो, ती आकसते आणि आकसताना तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देण्याइतकं गरम होतं, तेच इथे घडतं. पंपाला बाहेरून कुणी आच दिलेली नसते. दाबलं, म्हणून तापलं.

याचा दर ठरलेला आहे. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की सुमारे ९.८ अंशांनी तापते. दमट हवा वर चढताना मात्र एवढी थंड होत नाही. पाऊस पडताना मिळणारी सुप्त उष्णता तिला आतून ऊब देत राहते, त्यामुळे ती किलोमीटरमागे पाच-सहा अंशच गमावते. आता दोन्ही टोकं जोडून पाहा. समुद्रावरची हवा चढताना किलोमीटरमागे पाच-सहा अंश गमावते, पाऊस सांडून कोरडी होते आणि दुसऱ्या जागी उतरताना किलोमीटरमागे जवळजवळ दहा अंश कमावते. म्हणजे जिथून निघाली, त्याच पातळीवर परत येईपर्यंत ती कितीतरी जास्त गरम झालेली असते. या प्रवासात वाळवंट कुठेही आलेलं नाही.

त्या आठवड्यात जमिनीपासून दीड किलोमीटर उंचीवरच तापमान ३० अंशांच्या आसपास होतं. जूनमध्ये तिथे एरवी त्या उंचीवर त्याच्या निम्मंही नसतं. ती ३० अंशांची हवा दीड किलोमीटर खाली आणा. जवळपास १५ अंश वाढले, झाले ४५. पोर्टलंडचा पारा ४६.७वर का गेला, याचा बराचसा खुलासा एवढ्या तोंडी हिशेबातून होतो.

डोंगरांनी त्यात भर घातली. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याला समांतर कॅस्केड पर्वतरांग आहे. ब्लॉकमुळे वारा पूर्वेकडून वाहायला लागला, रांग ओलांडून तो पश्चिम उतारावरून पोर्टलंड-सिॲटलच्या सखल भागात उतरला आणि उतरताना आणखी तापला. लिटन तर फ्रेझर आणि थॉम्प्सन या नद्यांच्या संगमावर, खोल दरीच्या तळाशी आहे, तेही किनारी डोंगरांच्या पर्जन्यछायेत. म्हणूनच हे गाव पूर्वीपासून कॅनडातल्या सर्वांत तापणाऱ्या जागांपैकी एक. १९४१मध्ये तिथे ४४.४ अंश नोंदले गेले होते.

‘पण तिथे सूर्य तिरपा असतो ना?’

असतो, आणि भर दुपारच्या सूर्यापुरती ही शंका बरोबरही आहे. पण जमीन तापते ती दिवसभराच्या बेरजेने. जूनच्या अखेरीस मुंबईत दिवस सव्वातेरा तासांचा असतो, लिटनमध्ये सोळा तासांहून मोठा. वातावरणाच्या माथ्यावर दिवसभरात पोचणारी सूर्याची ऊर्जा मोजली, तर २१ जूनच्या सुमारास ५० अंश उत्तरेला ती विषुववृत्तापेक्षा बरीच जास्त भरते, अगदी मुंबईपेक्षाही थोडी जास्त. एरवी त्या ऊर्जेचा मोठा भाग ढग परतवतात. ब्लॉकखाली ढगच नव्हते, कारण उतरणारी, तापणारी हवा ढग बनू देत नाही. शिवाय ही लाट आली ती नेमकी सर्वांत मोठ्या दिवसांच्या आठवड्यात.

रात्र जेमतेम साडेसात तासांची. तेवढ्यात साठलेली उष्णता बाहेर पडून संपत नाही. दुसऱ्या दिवशीचं ऊन आधीच तापलेल्या भिंतींवर पडतं.

कोरडी माती

२०२१च्या वसंतात अमेरिकेच्या पश्चिम भागात दुष्काळ होता. ओल्या जमिनीवर ऊन पडलं की त्याची बरीच शक्ती पाण्याची वाफ करण्यात जाते. एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात सुमारे सहाशे लिटर पाण्याचं तापमान एका अंशाने वाढेल. माती कोरडी असेल तर ही सगळी ऊर्जा हवा तापवण्याकडे वळते. मग तापलेली हवा उरलीसुरली ओलही शोषते आणि चक्र घट्ट होतं. वणव्यालाही हेच हवं असतं.

समुद्र एवढा जवळ असून

सिॲटल-पोर्टलंडला उन्हाळ्यात वाचवतो तो प्रशांत महासागर. तिथलं पाणी जूनमध्येही चांगलंच गार असतं आणि तिकडून येणारे खारे वारे शहरं थंड ठेवतात. पूर्वेकडून उतरणाऱ्या वाऱ्याने हे खारे वारे अडवून धरले. हे आपल्याला मुळीच अनोळखी नाही. मार्चमध्ये मुंबईत पारा अचानक ३९-४०वर जातो, तेव्हा वेधशाळेच्या निवेदनात ‘पूर्वेकडून येणारे कोरडे वारे, समुद्रावरून येणारे वारे उशिरा सुरू’ असं असतं. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले. मुंबईत असे दिवस मे महिन्यात न येता मार्चमध्ये येतात, ते याच कारणाने.

पोर्टलंडमध्ये २८ जूनच्या संध्याकाळी खारे वारे अखेर आत शिरले आणि एका रात्रीत तापमान २५ अंशांहून अधिक उतरलं. डोंगरांपलीकडच्या लिटनला तो दिलासा मिळाला नाही. तिथे दुसऱ्या दिवशी ४९.६ झाले.

‘आम्ही दरवर्षी ४५ अंश सोसतो, त्यांनाच एवढं काय?’

सोशल मीडियावर तेव्हा हे खूप लिहिलं गेलं, आणि मला ते वाचताना वाईट वाटत होतं, कारण त्या उकाड्यात माणसं मरत होती. ब्रिटिश कोलंबियाच्या मृत्युचौकशी विभागाने नंतर एकेका मृत्यूची छाननी केली. २५ जून ते १ जुलै या एका आठवड्यात, एका प्रांतात, उष्णतेने ६१९ बळी घेतले होते. त्यांतले ९८ टक्के लोक घरात मेले. दोन तृतीयांश सत्तरी ओलांडलेले होते. निम्म्याहून अधिक एकटे राहत होते.

उष्णता किती मारक ठरते ते केवळ आकड्यावर ठरत नाही. त्या जागेला आणि त्या माणसांना कशाची सवय आहे, यावर ते ठरतं. शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. विदर्भातला माणूस मार्चपासून हळूहळू सरावत मे महिन्यात पोचतो. व्हॅन्कुव्हरच्या माणसाचा आदल्या आठवड्यातला दिवस २० अंशांचा होता. तिथली घरं ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली, लाकडाची, मोठ्या काचांची. हिवाळ्यात ते वरदान असतं, अशा आठवड्यात तीच भट्टी होते. छताला पंखा नाही. सिॲटल परिसरात निम्म्याहून कमी घरांत एसी होता. आणि नुसता पंखा असून भागतंच असं नाही. हवा त्वचेपेक्षा गरम असेल तर पंखा अंगावर गरम हवाच मारतो, घाम वाळला तरच गारवा मिळतो, आणि उतारवयात घाम कमी येतो.

आपल्या हवामान विभागाची व्याख्याही हेच मान्य करते. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट. किनारपट्टीला ही मर्यादा ३७, डोंगराळ भागात ३०. जागेप्रमाणे धोका बदलतो, हे त्यात गृहीतच आहे.

माणसांपलीकडचं नुकसान मोजायलाही कठीण होतं. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवर शिंपले कवचातच शिजून गेले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले सागरी जीवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हार्ली यांनी अशा किनारी जीवांच्या मृत्यूंचा अंदाज एक अब्जाहून अधिक सांगितला.

‘असं पूर्वीही व्हायचं की’

व्हायचं. मोडला गेलेला ४५ अंशांचा विक्रम ५ जुलै १९३७चा होता, तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा खूप कमी होता. ही शंका रास्त आहे, तिला उडवून लावू नये.

१९३०च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांवर वर्षानुवर्षं अवर्षण होतं. नांगरून उघडी पडलेली माती वाळून वाऱ्याबरोबर उडत होती. वर सांगितलेला कोरड्या मातीचा परिणाम तेव्हा टोकाला गेला होता, आणि तो ४५ अंशांचा विक्रमही त्याच मैदानातल्या सस्कॅचवान प्रांतातला. लिटनने तो मोडला ४.६ अंशांनी. जुने विक्रम सहसा अंशाच्या काही दशांशांनी मोडतात. साडेचार अंशांहून मोठी उडी म्हणजे काहीतरी मुळातून वेगळं आहे.

ते वेगळं काय, हे तपासायची एक पद्धत आहे. संगणकावर आजचं हवामान उभं करायचं, आणि माणसाने कोळसा-तेल जाळलंच नसतं तर जे हवामान असतं तेही. दोन्हींत अशी लाट किती वेळा येते ते मोजायचं आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहायचं. ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने जुलै २०२१मध्येच हे केलं. त्यांचा निष्कर्ष असा: आजच्या तापलेल्या जगातही ही घटना हजार वर्षांत एकदा येण्याइतकी दुर्मीळ, मानवी तापमानवाढ नसती तर तिची शक्यता किमान दीडशेपट कमी, आणि औद्योगिक युगाआधी अशीच लाट आली असती तर ती सुमारे दोन अंश कमी तापली असती.

इथे एक उलटी शंका येते, आणि तीही ऐकायला हवी. लिटनमध्ये तापमान नेहमीपेक्षा वीसेक अंश जास्त होतं, मग त्यात तापमानवाढीचे दोनच अंश? हो. बाकीचे ब्लॉकचे, उतरणाऱ्या हवेचे, दरीचे, कोरड्या मातीचे. प्रत्येक लाटेचं खापर सरसकट तापमानवाढीवर फोडणाऱ्या बातम्या म्हणूनच मला खटकतात. त्या वाऱ्याचं काम झाकतात, आणि मग एखाद्या शंकेखोराने वाऱ्याचं नाव घेतलं की वाचकाला वाटतं आपल्याला फसवलं. पण हे दोन अंश टोकावर जाऊन बसतात. टोकाच्या उष्णतेत दोन अंशांच्या फरकानेही मृत्यू झपाट्याने वाढतात. ब्लॉक पूर्वीही यायचे. आता ते आधीच तापलेल्या जमिनीवर येतात.

जेट बिघडतोय का?

यावर शास्त्रज्ञांत खरा वाद आहे. उत्तर ध्रुवाचा प्रदेश १९७९पासून जगाच्या सरासरीपेक्षा जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. सैबेरियातल्या वर्खोयान्स्कला, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, २० जून २०२० रोजी ३८ अंश नोंदले गेले, आणि जागतिक हवामान संघटनेने तो आर्क्टिकचा विक्रम म्हणून मान्य केला. ध्रुव एवढा तापला की उत्तर-दक्षिण फरक घटणार, मग जेट मंदावून जास्त वाकडातिकडा होणार आणि ब्लॉक वाढणार, असं जेनिफर फ्रान्सिस आणि स्टीफन वाव्हरस यांनी २०१२मध्ये मांडलं. कल्पना तर्काला पटते. पण नोंदींत ती स्पष्टपणे दिसते का, यावर एकमत नाही, आणि बरीच संगणकीय प्रारूपं तिला पाठबळ देत नाहीत. जमीन तापते आहे म्हणून लाटा जास्त तापतात हे पक्कं. जेटचा स्वभाव बदलतो आहे हे तितकं पक्कं नाही. दोन्ही एकाच दमात सांगू नयेत.

मॉस्कोचा ब्लॉक, सिंधूचा पूर

उत्तरेकडच्या या घडामोडींचा आपल्याशी संबंध काय, असं वाटत असेल तर २०१० आठवा. त्या वर्षी जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पश्चिम रशियावर असाच ब्लॉक बसून राहिला. २९ जुलैला मॉस्कोत ३८.२ अंश झाले. शहराभोवती वाळलेल्या दलदलीतलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, जळत होतं आणि धुराने रस्ते झाकले गेले होते. त्या उन्हाळ्यात रशियात उष्णता आणि धुरामुळे सुमारे ५५ हजार जास्तीचे मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. गहू करपला, आणि १५ ऑगस्टपासून रशियाने धान्याची निर्यात थांबवली. जगाच्या बाजारात गव्हाचे भाव भडकले.

आता नकाशावर पूर्वेकडे या. ओमेगाच्या उजव्या अंगाला जेटचा दक्षिणेकडे उतरणारा बाक असतो. तो त्या जुलैत उत्तर पाकिस्तानपर्यंत खाली आला होता. तिथे वरची गार हवा आणि बंगालच्या उपसागराकडून आलेली मोसमी दमट हवा समोरासमोर आली. खैबर पख्तुनख्वाच्या डोंगरांत काही दिवसांत अफाट पाऊस पडला आणि ते पाणी सिंधूतून सिंध प्रांतापर्यंत पसरत गेलं. सुमारे दोन कोटी लोक बाधित झाले. एका बाजूला वणवे, दुसऱ्या बाजूला महापूर, आणि दोन्हींच्या मुळाशी जेटची एकच अडलेली लाट. मोसमी पावसाचा जोर नसता तर त्या बाकाने एवढं पाणी पाडलं नसतं, हेही खरं. दोन यंत्रणा एका जागी भेटल्या.

अंदाज होता, तरी

२०२१च्या घुमटाचा अंदाज आधीच आला होता. काही दिवस आधी प्रारूपं इतके मोठे आकडे दाखवत होती की त्यांवर विश्वास ठेवायला अंदाज वर्तवणारे कचरत होते. इशारे निघाले. पण एकट्या राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या माणसाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात ते पोचले तरी त्याने करायचं काय, हे ठरलेलं नव्हतं. काही ठिकाणी रुग्णवाहिका वेळेत पोचू शकल्या नाहीत.

त्यानंतर ब्रिटिश कोलंबियाने उष्णतेसाठी इशाऱ्यांचे टप्पे ठरवले आणि २०२४च्या बांधकाम नियमावलीत नव्या घरांसाठी अट घातली: घरातली किमान एक खोली उन्हाळ्यात २६ अंशांच्या वर जाणार नाही अशी बांधायची. जुन्या घरांना ती लागू नाही, आणि बहुतेक म्हातारी माणसं जुन्याच घरांत राहतात.

आपल्याकडून दर मे-जूनमध्ये कितीतरी आई-वडील मुलांकडे सिॲटल, व्हॅन्कुव्हर, लंडनला जातात. ‘तिकडे काय ऊन असणार’ या समजुतीने जाणाऱ्यांनी तिथल्या घरात एसी आहे का, सकाळपासून पडदे ओढून घेता येतात का, जवळचं थंड सार्वजनिक ठिकाण म्हणजे वाचनालय किंवा मॉल किती दूर आहे, हे आधी विचारावं. रक्तदाबाच्या किंवा पाणी कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उष्णतेच्या दिवसांत त्यांचं काय करायचं, हे निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. आणि तिथल्या वेधशाळेने ३५ अंशांचा इशारा दिला तर तो नागपूरच्या ३५ अंशांसारखा समजू नये.